पुन्हां उभें राहणारें गांव



भूकंपानें पडलेलें गांव पाहावयास माणसें दुरून दुरून जातात. पडक्या भिंती पाहतात, हळहळतात, जमेल ती मदत देतात आणि परत येतात. त्या हळहळीस खोटें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु पडलेलें गांव पाहणें सोपें आहे. उभें राहत असलेलें गांव पाहणें कठीण. पडझड एका दृष्टिक्षेपांत दिसते. बांधणी पाहावयाची तर काय पाहावें हें आधीं ठाऊक असावें लागतें. महाराष्ट्रांत अशा पाहण्याची संधि ज्या मुलखानें दिली, तो मुलूख म्हणजे किल्लारी व तिच्या आसपासचीं गांवें.

किल्लारी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांत आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानें उमरग्यापर्यंत जावें आणि तेथून उत्तरेस वळावें, म्हणजे काळ्या जमिनीचा, ज्वारी-तुरीचा प्रदेश लागतो. त्यांतून तेरणा नदी वाहते. या प्रदेशास भूकंपाचा मुलूख असें कोणी म्हणत नसे. देशाच्या भूकंपविषयक नकाशांतही तो सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. १९९२ सालीं मात्र तेथें जमीन वरचेवर हादरूं लागली. १८ ऑक्टोबर १९९२ रोजींचा धक्का तर चांगलाच जाणवण्यासारखा होता. लोक घाबरले. पुढें धक्के विरळ झाले, भीति ओसरली, आणि पेरणी-काढणीचें चक्र पुन्हां पूर्ववत् फिरूं लागलें.

२९ सप्टेंबर १९९३ हा अनंतचतुर्दशीचा दिवस. मुंबईंत गिरगांवास, जुहूस, खारदांड्यास गणपति समुद्रावर पोहोंचले. तिकडे मराठवाड्यांत ते नदीवर आणि विहिरींवर पोहोंचले. मिरवणुकी आटोपून थकलेलीं माणसें उशिरा घरांत निजलीं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं जमीन हलली, आणि मिनिटभराच्या आंत सर्व कांहीं संपलें. लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें जवळजवळ पूर्णपणें जमीनदोस्त झालीं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी हीं नांवें, जीं जिल्ह्याबाहेर फारशीं कोणास ठाऊक नव्हतीं, तीं त्या दिवशीं सर्व देशानें ऐकलीं. सरकारी मोजदादीप्रमाणें सुमारें ८,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. जखमींची संख्या जवळजवळ त्याच्या दुप्पट होती.

येथें एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. भूकंप मोजण्याच्या मापाप्रमाणें हा धक्का ६.२ च्या सुमारास होता. एवढे किंवा याहून मोठे धक्के पृथ्वीवर दरवर्षीं कित्येक बसतात, आणि त्यांतील बहुतेकांत इतका मनुष्यसंहार होत नाहीं. मग किल्लारीसच असें कां व्हावें? धक्क्याचें केंद्र उथळ होतें, वेळ झोपेची होती, आणि घरें जड होतीं. पहिल्या दोन गोष्टी मनुष्याच्या हातांतल्या नाहींत. तिसरी आहे.

त्या मुलखांतलें घर मोठ्या कष्टानें आणि मायेनें बांधलेलें असे. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, त्यांचे दगड मातींत बसविलेले. वर लांकडी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचें माळवद. असें घर उन्हाळ्यांत गार राहतें, थंडींत ऊब धरतें, आणि चोराचें भय ठेवीत नाहीं. माळवद गळूं लागलें कीं त्यावर आणखी माती टाकावी, ही रीत. आजोबांनीं टाकली, बापानें टाकली, मुलानें टाकली. होतां होतां दोन-दोन फूट मातीचें ओझें माणसांच्या डोक्यावर चढलें. भिंत बाहेरून एकसंध दिसे. वस्तुतः तिचीं दोन अंगें असत, एक बाहेरचें व एक आंतलें, आणि मधल्या पोकळींत दगडगोटे व माती भरलेली असे. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. जमीन हलतांच हीं अंगें एकमेकांपासून सुटलीं, आणि वरची पिढ्यानपिढ्यांची माती खालीं आली.

याच गांवांत दुसऱ्या तऱ्हेचीं घरेंही होतीं. त्यांत छपराचा भार भिंतींवर न टाकतां लांकडी खांबांवर टाकलेला असे. अशा खणाच्या घरांच्या भिंती ढांसळल्या, परंतु खांब व तुळया पुष्कळ ठिकाणीं जागच्या जागीं राहिल्या, आणि त्यांखालचीं माणसें वांचलीं. म्हणजे सुरक्षित घर कसें असावें याचें ज्ञान गांवाबाहेरून आणावयाचेंच होतें असें नाहीं. त्याचा एक भाग गांवांतच उभा होता.

शिवाय महाराष्ट्रास हा धडा प्रथमच मिळाला असेंही नाहीं. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनानगर हादरलें; तोही पहाटेचाच धक्का. सुमारें पावणेदोनशें माणसें गेलीं, आणि मातींत बसविलेल्या दगडांचीं घरें तेथेंही ढांसळलीं. तज्ज्ञांनीं त्याचा अभ्यास केला. परंतु कोयनेच्या खोऱ्यांतील तें शहाणपण मराठवाड्यांतल्या गवंड्याच्या थापीपर्यंत पंचवीस वर्षांतही पोहोंचलें नाहीं. पुस्तकांत असलेलें आणि हातांत असलेलें ज्ञान यांमधलें हें अंतर किती महाग पडतें, याचा हिशेब किल्लारीनें दिला.

१९९४ पासून पुढें कित्येक वर्षें हा सारा प्रदेश बांधकामाचा एक विशाल तळ होऊन राहिला होता. राज्य सरकारनें जागतिक बँकेचें कर्ज घेऊन पुनर्वसनाचा कार्यक्रम हातीं घेतला. देशोदेशींच्या संस्था व देणगीदार आले. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांनीं भारतीय जैन संघटनेच्या वतीनें १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. सर्वांत अधिक पडलेलीं ५२ गांवें जुन्या जागेवरून उठवून नव्या जागीं वसवावयाचें ठरलें. जमीनधारणेप्रमाणें घरांचे तीन आकार झाले. भूमिहीनास व लहान शेतकऱ्यास २५० चौरस फूट, मध्यमास ४५०, आणि मोठ्या शेतकऱ्यास ७५०.

त्या काळांत तेथें गेलेल्या पाहुण्यास प्रथम काय दिसे? सरळ, रुंद रस्ते. त्यांच्या दोहों बाजूंस ओळीनें सारखीं घरें. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, यांच्या नेमून दिलेल्या जागा. जुन्या गांवाची आठवण असलेल्यास तें छावणीसारखें वाटे. चिखलांतून व अंधाऱ्या बोळांतून वाट काढलेल्यास तें स्वर्गासारखें वाटे. दोन्ही मतें प्रामाणिक होतीं. ज्यांनीं आपल्या माणसांना दगडाखालीं गाडलें गेलेलें पाहिलें होतें, तीं माणसें कित्येक महिने पत्र्याच्या निवाऱ्यांतून बाहेर यावयास तयार नव्हतीं. दगडाच्या भिंतीकडे पाठ करून निजणेंही त्यांना नकोसें झालें होतें. अशा माणसास भक्कम भिंतींचें घर मिळणें हें लहान काम नव्हे, आणि ज्यांनीं तें केलें त्यांचें श्रेय कमी करणें अन्यायाचें होईल.

परंतु घर आणि गांव या दोन गोष्टी आहेत. जुन्या गांवांत दोन घरांच्या मधली भिंत पुष्कळदां एकच असे. ओट्यावर बसलेल्या बाईस गल्लींतल्या साऱ्या दारांची खबर असे. नव्या गांवानें जुन्याच्या कित्येक पट जमीन व्यापली; शेजारीण हांकेच्या टप्प्यांतून गेली. बैल कोठें बांधावा, कडबा कोठें रचावा, नांगर-कुळव कोठें ठेवावे, याचें उत्तर नकाशांत सांपडेना. म्हणून ताबा मिळाल्यावर थोड्याच काळांत पडव्या निघाल्या, पत्र्याचे आडोसे उभे राहिले, कोठें कोठें जुन्या गांवांतले दगडही नव्या अंगणांत येऊन पडले. नकाशा काढणाऱ्यास ती बेशिस्त वाटली. खरें पाहतां राहणारा माणूस आपलें राहिलेलें घर स्वतः पुरें करीत होता.

मुंबईच्या श्रोत्यांना हें समजण्यास मराठवाड्यांत जावें लागत नाहीं. खारदांड्याच्या कोळीवाड्यांत एक फेरी मारली तरी पुरे. गल्ली दोन माणसें जेमतेम जातील एवढी. एका ओट्यावर कोणी जाळें सांधीत बसलेला, समोरच्या दारांत मासळी निवडणें चाललेलें, एकीचें मूल दुसरीच्या ओसरींत निजलेलें. दाटी आहे, उजेड कमी आहे, सांडपाण्याची अडचण आहे, हें सर्व खरें. उद्यां एखाद्या कनवाळू माणसानें हाच कोळीवाडा समुद्रापासून दोन-तीन मैलांवर, सरळ रेषेंत, प्रत्येकास सुटें घर देऊन वसविला, तर घरें सुधारतील यांत शंका नाहीं. परंतु कोणाची होडी लागली आणि कोणाची अद्याप आली नाहीं, हें कोणास व कसें कळावें? गल्ली ही नुसती ये-जा करण्याची वाट नसते. तिच्यावर संकटकाळीं मदतीस धांवणाऱ्यांची यादी न लिहितां लिहिलेली असते. किल्लारीच्या पहाटे बाहेरची मदत येण्यापूर्वीं ज्यांना ढिगाऱ्यांतून काढलें गेलें, त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातांनींच काढलें.

जुन्या गांवाची सगळीच रचना जपून ठेवण्यासारखी होती, असा याचा अर्थ नव्हे. कोणाचें घर कोणत्या टोकास असावें हें तेथें पुष्कळदां जात ठरवीत असे. नवी वसाहत ही ती रेषा पुसण्याची संधि होती. परंतु एका आकाराचीं घरें पुष्कळ ठिकाणीं एका ओळींत लागल्यामुळें, जमीन कोणापाशीं होती आणि कोणापाशीं नव्हती, याची खूण नव्या रस्त्यांवरही उरली. नवें गांव वसवितांना जुन्याचें काय घ्यावें व काय सोडावें हा प्रश्न इंजिनियराच्या पट्टीनें सुटत नाहीं; तो गांवानें बसून सोडवावा लागतो, आणि दुःखांत बुडालेल्या गांवास बसण्याइतका वेळ क्वचितच दिला जातो.

या कार्यक्रमाचा दुसरा भाग पाहुण्यांच्या नजरेंत फारसा भरत नसे. तो छायाचित्रांत दिसण्याजोगा नव्हता. ५२ गांवांच्या बाहेर, १३ जिल्ह्यांत, सुमारें दोन लाख घरें अशीं होतीं कीं तीं पूर्ण पडलीं नव्हतीं. त्यांस तडे गेले होते. त्यांच्या मालकांना जागा सोडावयास सांगितलें नाहीं. त्यांना हप्त्यानें पैसे देण्यांत आले आणि घर मजबूत करण्याची रीत दाखविण्यांत आली. भिंतीस ठिकठिकाणीं आरपार भोंक पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावें, म्हणजे दोन अंगें एक होतात. कोपऱ्यांना जाळी लावून गिलावा करावा. भिंतींच्या माथ्यावर चहूंकडून पट्टा फिरवावा, म्हणजे घर पेटीसारखें एकत्र हलतें. माळवदावरची माती कमी करावी. खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपा टेकू द्यावा. उपाय साधे होते. तरीही पुष्कळांनीं जुनी भिंत दुरुस्त न करतां त्याच पैशांत विटांची एक नवी खोली बांधणें पसंत केलें. तज्ज्ञांना तें रुचलें नसेल. परंतु ज्या दगडानें माणसें मारलीं त्याच दगडावर विश्वास ठेवा, असें सांगणें सोपें असतें, तो ठेवणें सोपें नसतें.

याच कामांत एक अनपेक्षित गोष्ट घडली. घरमालकांशीं बोलावयास, त्यांना पैशांचे हप्ते, सिमेंट व सळई यांची माहिती द्यावयास गांवोगांवच्या स्त्रिया नेमण्यांत आल्या. त्यांस ‘संवाद सहायक’ असें नांव होतें. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालीं, या महिलामंडळांना शिकविण्याचें काम केलें. कालपर्यंत चावडीची पायरी न चढलेल्या बाया गवंड्यास विचारूं लागल्या कीं, कोपऱ्यांत सळई कां घातली नाहीं. नव्या भिंतीवर पाणी मारलें काय. सिमेंटचीं पोतीं किती आलीं आणि किती लागलीं. बांधकामाचा हिशेब घराच्या आंत आला. घर कशानें पडतें आणि कशानें उभें राहतें हें कळलेली बाई तें ज्ञान सुनेस देते, शेजारणीस देते. कोयनेचें शहाणपण जेथें अडलें होतें, ती वाट येथें थोडीशी मोकळी झाली.

खेड्यांतील ही गोष्ट शहरासही लागू पडते काय, अशी शंका कोणास येईल. तिचें उत्तर कच्छांत मिळतें. मुलुंड व घाटकोपर भागांत ज्यांचीं मुळें कच्छांत आहेत अशीं अनेक कुटुंबें राहतात. त्यांना २६ जानेवारी २००१ ची सकाळ सांगावी लागत नाहीं. ८ वाजून ४६ मिनिटांनीं बसलेल्या त्या धक्क्याचें माप ७.७ होतें, किल्लारीहून तो कितीतरी पटींनीं मोठा. जुन्या भुज शहराच्या कोटाच्या आंतील दाट वस्ती बहुतांशीं कोसळली. पुढें कित्येक वर्षें भुज पाहावयास जाणाऱ्यास एकाच वेळीं दोन शहरें दिसत. एक, कोटाच्या आंत मोजणी होऊन रुंद होणारे रस्ते व रिकाम्या पडलेल्या जागा. दुसरें, बाहेरच्या माळावर वाढणाऱ्या नव्या वसाहती.

किल्लारीचा अनुभव तेथें वांया गेला नाहीं. गुजरातेंत बहुतेक घरें ठेकेदाराकडून बांधून न देतां, मालकास हप्त्यानें पैसे देऊन आणि प्रत्येक हप्त्यापूर्वीं बांधकाम तपासून, मालकाकडूनच बांधविण्यांत आलीं. आणि लातूरकडच्या ज्या बाया आठ वर्षांपूर्वीं स्वतः पत्र्याखालीं राहिल्या होत्या, त्यांपैकीं कांहींजणी कच्छांतल्या बायांना धीर देण्यास व शिकविण्यास तिकडे गेल्या. त्यांची भाषा निराळी, पेहराव निराळा, परंतु दोघींनाही घर पडण्याचा अर्थ सारखाच ठाऊक. मदतीच्या यादींत या प्रवासाची किंमत कोठें लिहिलेली नसेल. परंतु एका मुलखाचें दुःख दुसऱ्याच्या उपयोगीं पडावें, याहून मोठी मदत ती कोणती?

आतां किल्लारीस तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. दरवर्षीं ३० सप्टेंबरला तेथें माणसें जमतात आणि गेलेल्यांस श्रद्धांजलि वाहतात. ज्यांना ती पहाट आठवते ते उतारवयास लागले. ज्यांना ती नुसती ऐकून माहीत आहे, त्यांचीं आतां घरें बांधण्याचीं वयें आलीं. खरी कसोटी यापुढें आहे. भीतीनें शिकविलेलें भीति असेपर्यंत टिकतें. जुना दगड फुकट मिळतो, सिमेंटला पैसे पडतात. मुलाच्या लग्नासाठीं एक खोली घाईनें वाढवावी लागते. त्या वेळीं आरपार दगड आणि माथ्यावरचा पट्टा कोणाच्या लक्षांत राहील? ज्याच्या आईनें गवंड्यास हटकलें होतें, त्याच्या कदाचित् राहील. ज्यास घर नुसतें किल्लीसह हातांत मिळालें, त्याच्या राहीलच असें नाहीं. पुनर्वसन पुरें झालें कीं नाहीं हें बांधलेल्या घरांच्या आंकड्यावरून ठरत नाहीं. गांव यापुढें जें घर स्वतः बांधील, त्यावरून तें ठरेल.

म्हणून भूकंपानंतरचें गांव वा शहर पाहावयास जाणारानें तीन गोष्टी अवश्य पाहाव्या. भिंत आणि छप्पर जेथें मिळतात तो सांधा पाहावा; घर तेथें उभें राहतें किंवा तेथें पडतें. दोन घरांच्या मधली जागा पाहावी. शेजारी तेथें बसतात कीं नाहीं यावरून वसाहतीचें गांव झालें कीं नाहीं तें कळतें. आणि घराच्या मालकिणीस, पाहुण्याच्या नम्रतेनें, एवढेंच विचारावें कीं बाई, हें घर कसें बांधावयाचें हें कोणीं ठरविलें? तिच्या उत्तरांत त्या गांवाचें भवितव्य असतें.

परत आल्यावर हींच तीन माणकें आपल्या घरास लावून पाहण्यास हरकत नाहीं. २००२ सालीं देशाचा भूकंपविषयक नकाशा सुधारण्यांत आला, त्यांत लातूरचा मुलूख तिसऱ्या पट्ट्यांत घातला गेला. मुंबईही त्यांत त्याच पट्ट्यांत दाखविलेली होती. मुंबईच्या घरांवर माळवदाची माती नसते हें खरें. परंतु गच्चीवर मागाहून चढविलेल्या पाण्याच्या टाक्या असतात, कोणास न विचारतां वाढविलेला मजला असतो, आणि दुकानासाठीं खालून काढून टाकलेली भिंतही असते. प्रत्येकानें थोडें थोडें ओझें वाढवावें आणि भिंत कशावर उभी आहे हें कोणींच पाहूं नये, ही रीत किल्लारीची एकटीची नव्हती. धक्का केव्हां बसेल हें सांगणारें शास्त्र अद्याप नाहीं. आपल्या डोक्यावर किती भार आहे, तो कशानें तोललेला आहे, आणि रात्रीं हांक मारली तर कोणता शेजारी ओ देईल, हें मात्र ज्याचें त्यास आजही पाहतां येतें.